शेपटीला शिंग असलेली मोठी अळी कोणती, आणि ती विषारी असते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणी जिल्ह्यातील आपल्या गावी, सप्टेंबरच्या सुरुवातीला, तिळाच्या शेताकडेच्या पायवाटेवर सुमारे चार इंच लांब, बोटाएवढी जाड, मळकट तपकिरी अळी चालताना दिसली आणि तिच्या शेपटीकडे आकड्यासारखे शिंग होते. दोन दिवसांनी त्याच शेतात तशीच, पण पिवळसर हिरवी आणि अंगावर तिरके पट्टे असलेली दुसरी अळी सापडली. गावात कोणीतरी तिला ‘घोणस अळी’ म्हटल्यामुळे दोन्ही अळ्या ठेचल्या गेल्या. या दोन वेगळ्या जाती आहेत का, त्या विषारी आहेत का आणि पिकाला त्यांच्यापासून धोका आहे का, असे आपण विचारले आहे.

आधी उत्तर देतो आणि मग त्यामागची कारणे सांगतो. आपण वर्णन केलेल्या दोन्ही अळ्या बहुधा एकाच जातीच्या आहेत. ही अळी हॉक मॉथ या पतंगकुळातील असून तिचे शास्त्रीय नाव ‘अकेरॉन्शिया स्टिक्स’ असे आहे. ती डंख मारत नाही, तिच्या शिंगात विष नसते आणि तिचा घोणस अळीशी काहीही संबंध नाही. तिळाची पाने मात्र ती भरपूर खाते. ‘बहुधा’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला आहे, कारण आपली छायाचित्रे अस्पष्ट आहेत आणि माझा निष्कर्ष अळीच्या रूपापेक्षा तीळ, शिंग आणि महिना या तीन गोष्टींवर जास्त आधारलेला आहे.

मोठी अळी पाहून विचारल्या जाणाऱ्या ‘ही कोणती?’ या एका प्रश्नात तीन प्रश्न मिसळलेले असतात. हिला हात लावला तर काय होईल, ही माझ्या पिकाचे किंवा झाडाचे नुकसान करील का, आणि हिच्यापासून पुढे कोणते पाखरू होईल, असे ते तीन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर जातीचे नाव न कळताही देता येते, दुसऱ्यासाठी झाड कळावे लागते आणि तिसऱ्यासाठीच जातीपर्यंत पोहोचावे लागते. अनेकजण थेट तिसऱ्याकडे धावतात, मोबाईलवरच्या चित्रांशी रंग जुळवतात आणि चुकीच्या नावावर थांबतात. माझ्याकडे गेली कित्येक वर्षे शेतकरी, शिक्षक आणि भटकंती करणारी मंडळी अशी छायाचित्रे पाठवत आहेत, आणि त्या अनुभवावरून मी एक नियम कसोशीने पाळतो : अंगाची ठेवण आधी, झाड त्यानंतर आणि रंग सर्वांत शेवटी पाहायचा.

प्रथम धोक्याचा मुद्दा घेतो, कारण त्या भीतीपोटीच आपल्या दोन्ही अळ्या मारल्या गेल्या. घोणस अळी हे नाव मराठवाड्यात घराघरांत पोहोचले ते २०२२ च्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात, जेव्हा बीड आणि आसपासच्या भागांत शेतात काम करणाऱ्या काही जणांना तिचे काटे लागून असह्य वेदना झाल्याच्या बातम्या आल्या. ही अळी ‘लिमॅकोडिडी’ कुळातील आहे. ती आखूड, चपटी आणि बहुतेक वेळा हिरवट असते, लांबी सहसा एक-दीड इंचापलीकडे जात नाही, आणि अंगावर मांसल उंचवट्यांच्या रांगा असून त्या प्रत्येक उंचवट्यावर बारीक काट्यांचा झुबका असतो. वरून पाहिले तर तिचे डोके आणि पाय दिसतच नाहीत आणि ती पानाला चिकटून सरपटत जाते. हे काटे कातडीत मोडतात आणि त्यांतील विषामुळे आग होते. ही आग बहुतेकांच्या बाबतीत काही तासांत उतरते. काटे लागलेल्या जागेवर चिकटपट्टी लावून ती हलकेच उपटावी, म्हणजे मोडलेले काटे निघतात, नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन बर्फ लावावा. श्वास लागणे, अंगावर गांधी उठणे, चक्कर येणे किंवा डोळ्यात काटा जाणे यांपैकी काहीही झाल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे.

केसाळ सुरवंटांच्या बाबतीतही अशीच काळजी घ्यावी लागते. शेवग्याच्या, चिकूच्या किंवा काजूच्या खोडावर दिवसा दाटीवाटीने बसलेले मोठे केसाळ सुरवंट आपण पाहिले असतील. त्यांच्या केसांमुळे खाज, पुरळ आणि डोळ्यांची जळजळ होते, आणि ते केस कोषाच्या वेष्टनातही राहत असल्यामुळे रिकामा कोषसुद्धा उघड्या हाताने सोलू नये. सगळेच केसाळ सुरवंट त्रासदायक नसतात, पण कोणता त्रास देतो आणि कोणता नाही हे जागेवर ठरवण्यापेक्षा केस किंवा काट्यांचे झुबके दिसताच हात मागे घेणे अधिक शहाणपणाचे आहे. याउलट गुळगुळीत कातडीची, मोठी आणि मागे एकच शिंग असलेली अळी दिसली, तर ती हॉक मॉथची आहे असे समजून काडीवर किंवा हातावरही घेता येते. ते शिंग म्हणजे कातडीचाच वाढलेला भाग आहे. त्याने टोचत नाही आणि त्यात विषग्रंथीही नसते.

आता ठेवण पाहू. अळीला डोक्यामागच्या तीन वलयांवर टोकदार खऱ्या पायांच्या तीन जोड्या असतात, आणि पोटाखाली मांसल, पकड घेणाऱ्या पायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या असतात. त्यांतील शेवटची जोडी अगदी मागच्या टोकाला असते. पोटाखालच्या जोड्या कमी असतील आणि अळी पाठीची कमान करून चालत असेल तर ती उंटअळी. पोटाखाली सहा किंवा अधिक जोड्या दिसल्या तर ती पतंगाची किंवा फुलपाखराची अळीच नव्हे, ती करवती माशीची अळी असते. पोटाखाली मांसल पायच नसतील, अंग पांढरे आणि अर्धवर्तुळात वळलेले असेल आणि ती मातीत किंवा शेणखतात सापडली असेल, तर ती हुमणी किंवा तिच्यासारखीच भुंग्याची अळी असते. ही तपासणी एका मिनिटात होते आणि निम्म्या शंका तिथेच मिटतात. म्हणून छायाचित्र नेहमी बाजूने काढावे. वरून काढलेल्या छायाचित्रात पाय दिसत नाहीत आणि पाय न दिसल्यास मला फारसे काही सांगता येत नाही.

रंगावर मी इतका अविश्वास का दाखवतो, हे आपल्याच दोन अळ्यांवरून समजेल. अकेरॉन्शियाच्या अळ्या हिरव्या, पिवळ्या आणि तपकिरी अशा वेगवेगळ्या रंगांत आढळतात, आणि एकाच मादीच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्यांमध्येही हा फरक दिसतो. शिवाय वयानुसार रंग बदलतो. लिंबाच्या झाडावरील फुलपाखराची अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी असते आणि शेवटची कात टाकल्यावर हिरवीगार होते. दोन्ही अवस्था एका फांदीवर पाहिल्या तर त्या एका जातीच्या आहेत यावर नवख्या माणसाचा विश्वास बसत नाही. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. पोट भरलेली, कोषात जाण्याच्या बेतात आलेली अळी खाणे थांबवते, तिचा रंग मळकट किंवा गडद होतो आणि ती झाडावरून उतरून कोषासाठी योग्य माती शोधत चालू लागते. पायवाटेवर, अंगणात किंवा डांबरी रस्त्यावर दिसणाऱ्या मोठ्या अळ्यांपैकी बहुतेक याच अवस्थेतील असतात. पुस्तकातील चित्र खाणाऱ्या अळीचे असते आणि आपल्यासमोर चालणारी अळी असते, त्यामुळे रंग जुळत नाही.

अळी एकदम ‘एवढी मोठी कुठून आली’ असे वाटण्याचेही कारण याच काळात आहे. आयुष्यभरात ती जेवढी पाने खाते त्यांतील बहुतांश भाग शेवटची कात टाकल्यानंतरच्या काही दिवसांत खाते. तोपर्यंत ती पानाखाली लपलेली असते आणि कोणाच्या नजरेस पडत नाही. तिच्या असण्याची पहिली खूण सहसा जमिनीवर दिसते. झाडाखाली मिऱ्याएवढ्या, उभ्या खाचा असलेल्या, काळपट हिरव्या लेंड्या पडलेल्या दिसल्या की बरोबर त्यांच्या वरच्या फांदीवर पाहावे. मी अळ्या अशाच शोधतो, पानांत डोळे फिरवून शोधत बसत नाही.

आता झाडाकडे वळतो, कारण ओळखीचा खरा आधार तिथे आहे. बऱ्याचशा जातींच्या अळ्या ठरावीक झाडेच खातात, त्यामुळे अळी कोणत्या झाडावर खात होती हे कळले की शेकडो शक्यता दोन-चारवर येतात. ‘खात होती’ या शब्दांवर भर देतो, कारण चालत सुटलेली अळी कोणत्याही झुडपावर चढलेली सापडू शकते. पाने कुरतडलेली आणि खाली लेंड्या पडलेल्या असतील तरच ते तिचे झाड मानावे.

शहरांतून सर्वाधिक विचारणा होते ती कण्हेर, तगर आणि सदाफुलीवरील मोठ्या हिरव्या अळीबद्दल. ती ‘डॅफ्निस नेरी’ या हॉक मॉथची असते आणि सोसायट्यांच्या कुंपणाला तगर लावण्याची पद्धत असल्यामुळे पावसाळ्यात ती पुण्या-मुंबईतही सहज आढळते. तिला जवळून पाहिले तर छातीच्या तिसऱ्या वलयावर निळसर पांढरे, काळपट कडेचे दोन मोठे डोळे दिसतात. शांत बसलेली असताना ते कातडीच्या घडीत काहीसे झाकलेले असतात. काडीने हलकेच स्पर्श केला की ती डोके आत ओढून घेते, छाती फुगते आणि ते खोटे डोळे ठळक होतात. तिच्या बाजूने पांढरी रेघ जाते, रेघेच्या आजूबाजूला बारीक पांढरे ठिपके विखुरलेले असतात आणि मागचे शिंग आखूड, पिवळसर असते. पोट भरल्यावर हीच अळी तपकिरी होऊन जमिनीवर उतरते.

अळूच्या पानावर किंवा द्राक्षाच्या वेलीवर डोळ्यांसारखे ठिपके असलेली अळी दिसली तर ती वेगळी. तिथे ‘हिपोटियन सेलेरियो’ असण्याची शक्यता मोठी असते. तिचे मोठे डोळे छातीवर नसून पोटाच्या पहिल्या वलयावर, म्हणजे खऱ्या पायांच्या किंचित मागे असतात. तेरड्यावर किंवा अळूवर काळपट रंगाची आणि दोन्ही बाजूंना रंगीत डोळ्यांची पूर्ण रांग असलेली अळी दिसली तर ती ‘थेरेट्रा ओल्डनलँडी’ समजावी. डोळे आहेत एवढेच सांगून भागत नाही, ते कितव्या वलयावर आहेत हे मोजावे लागते, ते यासाठी.

आपल्या शेताशी संबंधित जोडी मात्र अकेरॉन्शिया आणि अॅग्रियस यांची आहे. ‘अॅग्रियस कॉन्व्हॉल्व्हुली’ची अळी रताळे, गारवेल आणि त्यांच्या कुळातील इतर वेलींवर असते आणि मूग-उडदावरही येते. मराठवाड्यात तीळ आणि मूग-उडीद शेजारी शेजारी घेतले जात असल्याने या दोन अळ्यांची गल्लत होते. दोघींचा आकार सारखा, दोघी हिरव्या आणि तपकिरी रूपांत येतात आणि दोघींच्या अंगावर तिरके पट्टे असू शकतात. अशा वेळी शिंग पाहावे. अॅग्रियसचे शिंग गुळगुळीत असते आणि एकाच दिशेने वाकलेले असते. अकेरॉन्शियाचे शिंग खरखरीत, बारीक दाण्यांनी भरलेले असते आणि आधी खाली वळून टोकाशी पुन्हा वर उचललेले असते. आपण ‘आकडा’ म्हटले आहे आणि आपल्या दुसऱ्या छायाचित्रात शिंगाचे टोक वर वळलेले पुसटसे दिसते, म्हणून माझा कौल अकेरॉन्शियाकडे आहे. ही अळी तिळाखेरीज वांगे, टोमॅटो, बटाटा आणि धोतरा यांवरही येते. तिला डिवचले तर ती जबडे घासून टकटक असा आवाज काढते. गावकऱ्यांना तो ऐकू आला असेल तर भीती का वाटली असेल हे समजू शकते, पण तो आवाज इशाऱ्यापुरताच असतो. तिचा पतंग पाठीवर कवटीसारखी खूण असलेला असतो आणि मधासाठी मधमाश्यांच्या पोळ्यांत शिरतो.

शिंग नसलेल्या मोठ्या अळ्यांचा दुसरा मोठा गट रेशीमपतंगांचा आहे. विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुन यांच्या झाडांवर टसर रेशमाची हिरवी, जाडजूड अळी पिढ्यान्‌पिढ्या वाढवली जाते. ढीवर समाजातील अनेक कुटुंबांची उपजीविका तिच्या कोशांवर चालत आली आहे. तिच्या अंगावर विरळ केस असलेले छोटे उंचवटे आणि बाजूंना चांदीसारखे चमकणारे ठिपके असतात. त्या भागात ऐनावर अशी अळी दिसली तर ती कोणाची तरी पाळलेली असू शकते, म्हणून तिला हात लावण्यापूर्वी जवळपास चौकशी करावी. मोईच्या झाडावर सफरचंदी हिरवी आणि पिवळ्या-नारिंगी उंचवट्यांची अळी असेल तर ती चंद्रपतंगाची. सह्याद्रीच्या पट्ट्यात दालचिनीसारख्या झाडावर फिकट निळसर हिरवी, मांसल काट्यांची आणि अंगावर पांढरी भुकटी शिंपडलेली अळी दिसली तर ती अॅटलास पतंगाची. तिचे काटे भीतिदायक दिसतात, पण ते मऊ असतात.

फुलपाखरांच्या अळ्यांपैकी लिंबूवर्गीय झाडांवरच्या हिरव्या अळ्या पुष्कळदा ‘सापासारखी अळी’ म्हणून पाठवल्या जातात. त्यांची छाती फुगीर असते, त्यावर डोळ्यांसारख्या खुणा असतात, शेपटीला शिंग नसते, आणि त्रास दिल्यास डोक्यामागून नारिंगी-लाल, दुभागलेला मांसल अवयव बाहेर येऊन उग्र वास सुटतो. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या ब्ल्यू मॉरमॉनची अळीही याच घडणीची असते. संत्रा, मोसंबी किंवा डाळिंबाची बाग असणाऱ्यांनी गुळवेलीवरची अळीही ओळखून ठेवावी. ती मखमली काळपट तपकिरी असून तिच्या बाजूंवर वलयांकित डोळे असतात आणि ती पुढचा भाग खाली वाकवून, शेपूट वर उचलून बसते. ही फळातील रस शोषणाऱ्या पतंगाची अळी आहे. नुकसान अळी करत नाही, रात्री फळाला सोंड खुपसणारा पतंग करतो, आणि म्हणूनच बागेच्या कुंपणावरची गुळवेल काढण्याचा सल्ला दिला जातो.

यापुढे आपल्याला अळी सापडली तर तिला न मारता इतके करावे : पूर्ण बाजूचे एक छायाचित्र, डोक्याचे एक, शिंगाचे जवळून एक आणि ती खात असलेल्या झाडाचे पानाफुलांसह एक, शेजारी काडेपेटी किंवा मोजपट्टी ठेवून काढावे. तारीख, गाव आणि अळी खात होती की चालत होती हे लिहावे. एवढी माहिती असेल तर बहुतेक वेळा जातीपर्यंत जाता येते. काही वेळा तरीही येत नाही, विशेषतः अळी लहान असेल किंवा दोन जवळच्या जातींपैकी एक निवडायची असेल, तेव्हा कुळाच्या नावावर थांबणेच प्रामाणिकपणाचे ठरते.

शेवटची खात्री हवी असेल तर अळी वाढवून पाहावी. हॉक मॉथच्या अभ्यासाचा पायाही असाच घातला गेला. कारवारच्या जंगलखात्यात नोकरी केलेले टी. आर. बेल यांनी अळ्या घरी वाढवून त्यांच्या पतंगांशी जुळवल्या, आणि त्यांनी स्कॉट यांच्यासह १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेली वर्णने आजही आम्ही उघडून पाहतो. पद्धत साधी आहे. रुंद तोंडाच्या बरणीत किंवा बादलीत चार बोटे भुसभुशीत, किंचित ओलसर माती भरावी, ज्या झाडावर अळी सापडली त्याचीच ताजी पाने रोज द्यावीत आणि तोंडाला मलमलीचे कापड बांधावे. लेंड्या रोज काढाव्यात, नाहीतर बुरशी येते. चालत सुटलेली अळी असेल तर पाने देण्याची गरज नाही, ती मातीत शिरेल. त्यानंतर माती उकरून पाहू नये. बरणीत एक खडबडीत काडी उभी ठेवावी, कारण बाहेर आलेल्या पतंगाला पंख पसरण्यासाठी लटकायला आधार लागतो. पावसाळ्यात साधारण तीन आठवड्यांत पतंग निघतो, पण हंगामाच्या शेवटी कोषात गेलेली अळी कित्येक महिने तशीच राहू शकते. अळीच्या अंगावर तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे उभे दिसले तर ती तिची अंडी नव्हेत. ते परजीवी गांधीलमाशीचे कोष असतात, आणि अशा अळीचा पतंग होत नाही. ती शेतातच राहू द्यावी, कारण त्या माशा पुढच्या अळ्यांचाही बंदोबस्त करतात.

राहिला पिकाचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर संख्येवर अवलंबून आहे. शेतात इकडेतिकडे दोन-चार अळ्या असतील तर फवारणीचे कारण नाही. त्या आकाराने मोठ्या आणि संथ असल्याने लेंड्यांच्या मागावर जाऊन हाताने वेचता येतात, आणि वेचलेल्या अळ्या बांधाबाहेरच्या धोतऱ्यावर सोडल्या तरी चालतात. प्रत्येक ओळीत पाने ओरबाडलेली झाडे दिसत असतील, तर आपल्या जिल्ह्यातील कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या कीटकशास्त्रज्ञांना शेत दाखवून त्यांच्या सल्ल्याने पुढे जावे. पीक निघाल्यावर खोल नांगरट केली तर मातीतील मोठे तपकिरी कोष वर येतात आणि बगळे-साळुंक्या ते वेचून खातात. आपल्या पायवाटेवरून चालणारी अळी अशाच मातीच्या शोधात होती, त्यामुळे त्या तिळाच्या शेतात या घडीला आणखी काही कोष असण्याची शक्यता आहे. नांगरताना एखादा सापडला तर त्याचे छायाचित्र जरूर पाठवावे, कारण कोषावरूनही अकेरॉन्शिया आणि अॅग्रियस यांत फरक करता येतो : अॅग्रियसच्या कोषाला सोंडेचे सुटे, वळलेले आवरण पुढे आलेले असते, तर अकेरॉन्शियाच्या कोषाला ते नसते.